मागे गोठा, एक

खालापूरकडच्या एका कारखान्यात मी नोकरीभर स्टोअर सांभाळलं. तिथे एक नट जरी बाहेर गेला तरी चिठ्ठी लागायची. ती सवय अंगात इतकी मुरली की निवृत्त होऊन कर्जत-कशेळे रस्त्याच्या बाजूला असलेल्या आमच्या गावी राहायला आलो, तेव्हा सहा महिन्यांत ग्रामपंचायतीच्या नाकी नऊ आणले. रस्त्यावरच्या दिव्यांचे बल्ब किती आणले, किती लावले, उरलेले कुठे आहेत, असं मी प्रत्येक ग्रामसभेत उभा राहून विचारायचो. ‘स्टोअरवाले आले,’ असं म्हणत लोक बाकावर जागा करून द्यायचे. त्यात आदर किती आणि टिंगल किती, हे मी कधी तपासलं नाही.

खरी वाजली ती कमानीवरून. गावाच्या तोंडाशी दोन खांबांची, वर गावाचं नाव आणि रंगीत दिवे असलेली स्वागतकमान बांधायचं घाटत होतं. इकडे विहिरीवरचा पाण्याचा पंप दर उन्हाळ्यात जळायचा आणि बायका टँकरची वाट बघत बसायच्या. मी तावातावाने बोललो. गावात येणाऱ्याचं स्वागत करून त्याला प्यायला काय देणार, असंही विचारलं. सरपंचबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी माझं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं.

“भाऊ, खर्चावर तुमी दर वेळी बोलता,” त्या म्हणाल्या. “जमेवर कदी बोलणार? गावात स्लॅबची घरं किती हायत आणि वहीत किती, ते बघा एकदा.”

त्यांनी घरपट्टीची वही माझ्यापुढे सरकवली. वहीतलं गाव आणि बाहेरचं गाव यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. दुमजली घरं, पुढे लोखंडी गेट, आणि वहीत ‘कुडाचे, कौलारू’. सगळ्यात कमाल म्हणजे गोठे. पूर्वी प्रत्येक घराच्या मागे गोठा असायचाच. पुढे गुरं विकली गेली, गोठे पाडून तिथे खोल्या झाल्या, काहींनी त्या भाड्यानेही दिल्या. पण गोठ्याला पट्टी नावापुरती, त्यामुळे वहीतला शब्द कोणी बदलला नाही. दर वेळी नव्याने आकारणी व्हायची तेव्हा जुनीच नोंद खाली उतरायची. गावात गुरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आणि गोठे घरागणिक, असा सगळा प्रकार होता.

मला चेव चढला. प्रत्येक घर टेप लावून मोजा, आणि नवी यादी नुसती फळ्यावर चिकटवू नका, ग्रामसभेत नावानिशी मोठ्याने वाचा, अशी मागणी मी तिथल्या तिथे केली. आकारणी नीट झाल्याशिवाय कमानीचं नाव काढायचं नाही, हेही लिहून घ्यायला लावलं. ठराव एकमताने मंजूर झाला, कारण असं काही खरंच होईल यावर कोणाचा विश्वास नव्हता. मोजणीला ग्रामसेवक भाऊसाहेब, एक सदस्य आणि टेप धरायला मी.

त्या आठ दिवसांत गावाची जी ओळख झाली ती जन्मभर झाली नव्हती. पहिल्या घराच्या मागच्या खोलीत गुळगुळीत फरशीवर एक बकरी बांधलेली होती, पुढ्यात गवताची पेंढी. हा गोठाच आहे, असं घरमालकाचं म्हणणं. भिंतीवर पंखा फिरत होता, तो बकरीला उकडतं म्हणून. पुढच्या आळीत दुसऱ्या घरात गेलो तर तिथेही बकरी. तिचं डावं शिंग मोडलेलं होतं, आणि मघाच्या बकरीचंही डावंच मोडलेलं होतं. तिसऱ्या घरी पोचलो तेव्हा ती नुकतीच आली असावी, धापा टाकत होती. भाऊसाहेब तोंड फिरवून हसले. मी मात्र तिन्ही ठिकाणी ‘राहत्या खोल्या, स्लॅब’ असं लिहून घेतलं. मला कोणाचीही दया आली नाही, उलट मजा आली.

शेवटी आमचं घर राहिलं. आमच्या घराच्या मागेही दोन खोल्या आहेत. तिथे माझी थोरली बहीण राहते. नवरा गेल्यावर ती मुरबाडकडचं सासर सोडून लहान लेकीला घेऊन माहेरी आली. तेव्हा मी खोपोलीला भाड्याच्या खोलीत राहत होतो आणि गावचं घर बंद असायचं. जुना गोठा पाडून तिथे खोल्या बांधल्या त्या तिच्यासाठी. भिंतींचा खर्च मी केला, स्लॅब तिने स्वतःच्या पगारातून घातला. कशेळ्याच्या पुढे एका आश्रमशाळेत ती स्वयंपाक करायची, रोज जीपने जाऊन-येऊन. लेकीचं लग्न तिने करून दिलं, लेक नेरळला असते. मी आठवड्याला, पंधरवड्याला यायचो तेव्हा आमचं घर झाडलेलं आणि माठ भरलेला असायचा.

ताईचं माझ्याकडे एकच मागणं होतं. तिला तिचं विजेचं मीटर हवं होतं. आमच्या मीटरवरून तिच्याकडे वायर गेलेली होती आणि आमची माणसं पंखा, फ्रिज वगैरेवरून काहीबाही बोलायची, ते तिला लागायचं. मीटरसाठी तिच्या नावाची घरपट्टीची पावती लागत होती. वहीत मालकाच्या शेजारी भोगवटादार म्हणून एक रकाना असतो, म्हणजे प्रत्यक्षात राहणारा कोण. तिथे तिचं नाव घालायचं, एवढंच काम. बाबांच्या जमिनीवरचा हक्क तिने मागेच माझ्या नावे सोडून दिला होता, त्यामुळे गावात एकाही कागदावर तिचं नाव नव्हतं. दर दिवाळीला ती विचारायची आणि दर दिवाळीला मी म्हणायचो, बघतो.

का बघत नव्हतो, तेही सांगून टाकतो. पट्टी चार पैशांनी वाढेल याची मला चिंता नव्हती. एकदा नाव लागलं की उद्या तिची लेक हिस्सा सांगेल, ही भीती होती. ही गोष्ट मी बायकोलाही बोललो नव्हतो. आता लिहिताना लाज वाटते.

तर आमच्या दारात भाऊसाहेब आले तेव्हा मी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. पुढचं घर काटेकोर मोजून दिलं, इंचानिशी. मागच्याचं काय, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, मागचं तुम्हाला माहीतच आहे, जुनी नोंद आहे तशी राहू द्या. माझ्यासारख्या माणसाने सांगितल्यावर त्यांनी टेप उघडली नाही. ताई तेव्हा नेरळला लेकीकडे गेली होती.

ग्रामसभा भरली ती देवळापुढच्या मांडवात. एरवी सह्या करून पळणारी माणसं त्या दिवशी बसून राहिली, कारण प्रत्येकाला शेजाऱ्याचं ऐकायचं होतं. भाऊसाहेब एकेक नाव वाचू लागले. बकरीवाल्यांची नावं आली तेव्हा हशा पिकला, मीही हसलो. मग माझं नाव आलं.

“पक्के घर, स्लॅब, तीन खोल्या,” भाऊसाहेबांनी वाचलं. “मागे गोठा, एक.”

कोणी हसलं नाही. मला वाटलं, हसले असते तर बरं झालं असतं. बायकांच्या बाजूला ताई बसली होती. ती उठली, पदर नीट केला.

“भाऊसायेब, त्या गोठ्यात मी ऱ्हाते,” ती म्हणाली. “जनावर नाय हाय तितं. माजी पट्टी लावा.”

आवाज चढलेला नव्हता. शाळेत पोरांना रांगेत उभं राहायला सांगावं तशी ती बोलली. सरपंचबाई माझ्याकडे बघत होत्या. मालकाची काही हरकत आहे का, असं भाऊसाहेबांनी नियमाप्रमाणे मला विचारलं. मी दुसऱ्या कोणाला सुटायची संधी दिली नव्हती, मग मला कोण देणार? हरकत नाही, असं मी म्हणालो. ते दोन शब्द बोलायला मला जेवढा वेळ लागला तेवढ्यात सगळ्या गावाला कळायचं ते कळलं. भाऊसाहेबांनी ‘गोठा’वर रेघ मारली आणि तिचं पूर्ण नाव विचारून घेतलं. ते तिनेच सांगितलं.

पुढच्या वर्षी पट्टीचं उत्पन्न वाढलं. पंप नवा बसला. कमानीचा विषय अजून अधूनमधून निघतो, पण ग्रामसभेत आता मी खाली बसून बोलतो आणि थोडकं बोलतो. ताईने गावात सगळ्यांच्या आधी पट्टी भरली, असं शिपायाने मला सांगितलं.

मीटरसाठी आणखी एक कागद लागत होता, माझा ना-हरकतीचा. तो टाईप करून ती एका सकाळी आमच्या पडवीत आली. मी चष्मा शोधला नाही, काही बघितलंही नाही. पेन घेऊन सही कुठे करायची एवढंच विचारलं. मला वाटत होतं, न वाचता सही केली की थोडी तरी भरपाई होईल.

तिने कागदावर हात ठेवला.

“वाच आदी,” ती म्हणाली. “हक्क सोडला तवा मी वाचलं नव्हतं. तू नुसतं बोट दाखवलंस, ‘इतं कर’ म्हणून.”

मी आत जाऊन चष्मा आणला. कागद एका पानाचा होता. मी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, तिला ऐकू जाईल असा. माझ्या नावापाशी, तिच्या नावापाशी ती मान हलवत होती. वाचून झाल्यावर तिने हात उचलला, आणि मग मी सही केली.