फुकटच्या दुधाचा प्रश्न घेऊन मार्गासनीला

पुण्याहून निघणारी भोरची गाडी डोळ्यांदेखत सुटली, म्हणून मी साताऱ्याच्या गाडीत चढले. कापूरहोळला उतरून पुढे भोरला जायचं ठरवलं होतं. मला एका जागी स्वस्थ बसता येत नाही, हा माझा जुना रोग. त्यात पिशवीतला कागद असा होता की स्वस्थ माणसालाही तो बसू देणार नाही.

आमचं महिला मंडळ वेल्ह्याकडच्या शाळांतून मुलांना दुधाची पावडर पुरवतं. ही पावडर अमेरिकेतल्या एका सेवाभावी संस्थेची भेट. तिकडे दूध इतकं झालंय की खपत नाही, म्हणून ते वाळवून देशोदेशी फुकट धाडतात. यावर अटलांटिकच्या दुसऱ्या काठावरचे युरोपातले दूधवाले भडकले. तुम्ही फुकट वाटत सुटलात तर आमचं दूध घेणार कोण? दोन्हीकडच्या सरकारांनी अंग काढून घेतलं आणि सांगितलं, तुमच्या सेवाभावी संस्थांनीच एकत्र बसून काय ते ठरवा. तशी सभा युरोपात भरणार होती आणि आमच्या अध्यक्षबाई तिला जाणार होत्या. त्यासाठी कागदावर प्रश्न एकच होता : फुकट पावडरीमुळे तुमच्या भागातल्या कोणा दूधविक्याचं गिऱ्हाईक तुटलं का? होय किंवा नाही. 'होय' आलं तर त्या भागातली पावडर बंद.

"उत्तर 'नाही'च आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या होत्या, "तू आपली नुसती जाऊन बघून ये."

कागद वाचता वाचता कापूरहोळ मागे पडलं, हे मला किकवीला कळलं. कंडक्टरने मला उतरवलं ते 'शिकलेल्या बायका' असं काहीसं पुटपुटतच. उलटी गाडी यायला अवकाश होता, म्हणून रस्त्याकडेच्या हॉटेलात चहा घेतला. चहात पांढऱ्या गुठळ्या तरंगत होत्या. मागे फळीवर पाहिलं तर आमच्या शाळांत जातो तसलाच डबा!

"अमेरिकन हाय, बाई," हॉटेलवाला खुशीत सांगू लागला. "नासत न्हाई, उतू जात न्हाई. लई बेस."

"तुम्हाला कुठून मिळाला?"

"मिळतंय की," असं म्हणून तो पेला पुसायला लागला.

"आणि दूध घालायला कोणी यायचं ते?"

"आता ते कशाला लागतंय?"

चहा अर्धा टाकून मी उठले. किकवी काही आमच्या शाळांच्या भागात येत नाही, अशी स्वतःची समजूत घातली. ती पटली नाही.

भोरला मामाकडे मुक्काम होता. मामा कचेरीत हेडक्लार्क. संस्थान विलीन होऊन काही वर्षं झाली तरी मामा घरातून निघताना अजून 'दरबारात जाऊन येतो' असंच म्हणतो. संध्याकाळी नीरेच्या घाटावर फिरताना त्याला कागद दाखवला. त्याने चष्मा वर सरकवून तो सरकारी डोळ्याने वाचला.

"अगं, तिकडे दूध विकतं कोण? ज्याच्याकडे म्हैस आहे तो पितो, नसेल तो शेजाऱ्याकडून घेतो. लिही 'नाही' आणि उद्या इथेच राहा. मामीने पुरणाचा बेत केलाय."

मी पेन्सिलने 'नाही' लिहिलं. पण पाय वळवळत होते. पुरणावर पाणी सोडून दुसऱ्या दिवशी सकाळी मार्गासनी गाठलं.

गुंजवणीच्या काठची भातखाचरं कापून मोकळी झाली होती आणि समोर राजगड आडवा पसरला होता. दुसरा कोणी असता तर पाहत बसला असता. मी तडक शाळेत गेले. पटांगणात मुलं आपापले पेले घेऊन रांगेत उभी होती, गुरुजी पिंपातलं पावडरीचं दूध ढवळत होते. पोरांच्या गालांवर थोडं मांस चढल्यासारखं वाटलं आणि मला अगदी मनापासून बरं वाटलं.

तेवढ्यात डोंगराच्या वाटेने एक म्हातारी उतरून आली. डोक्यावर चरवी (दुधाचं पितळी भांडं). कोणाला काही न विचारता ती रांगेतल्या पेल्यांत म्हशीचं दूध ओतत गेली. पोरं पावडरीचं दूध एका दमात संपवून पेले तिच्यापुढे करत होती.

"ही ठकूबाई, वरच्या धनगरवस्तीवरची," गुरुजी म्हणाले. "आज अवस (अमावास्या) ना. अवसेला ही माणसं दूध विकत नाहीत, वाटून टाकतात."

"आणि एरवी? एरवी विकतात?" माझा आवाज नको तितका चढला.

उत्तर म्हातारीनेच दिलं. "इकत हुते की. हितल्या मार्गासनीच्या हाटेलात रोज चरवी घालायची. आता हाटेलवाला म्हनतो, पावडर हाय, तुजं नगं."

तिथेच 'होय' लिहून परत फिरता आलं असतं. पण मी तिच्यामागून डोंगर चढू लागले. अर्ध्या वाटेत चपलेचा अंगठा तुटला, म्हणून चपला हातात घेतल्या. ठकूबाईने मागे वळून पाहिलं, चपला माझ्या हातातून काढून आपल्या रिकाम्या चरवीत टाकल्या आणि पुन्हा चालू लागली. दुधाच्या भांड्यात चपला पाहून मीच शरमले.

वस्ती म्हणजे पाच-सहा छपरं. तिने मला हुलग्याचं माडगं (हुलग्याच्या पिठाचं पातळ कढण) दिलं आणि वर पेलाभर दूध. ते संपताच न विचारता दुसरा पेला भरला. दारात एकच म्हैस बांधलेली होती. तिच्या पाठीवरून हात फिरवत ठकूबाई म्हणाली, "गिऱ्हाईक न्हाई तर हिला पेंड कुठनं घालू? येत्या बाजाराला न्यायची हाय. ल्योक म्हनतो, इकून टाक."

मी तिला कागदाची गोष्ट सांगितली. समुद्रापलीकडची सभा, तिथलं भांडण, हे फुकटचं दूध. तिने सगळं नीट ऐकून घेतलं.

"फुकट द्येऊ न्हाई आसं कुठं हाय? आमी बी देतो. पर त्याला दिस ठरल्याला हाय. अवस सरली की दुसऱ्या दिशी गिऱ्हाईक पुन्ना येतं. तुमच्या त्या अमेरिकेत रोजच अवस आसती व्हय?"

मी खो खो हसले. मग हसू आपोआप बंद पडलं, कारण ती हसत नव्हती.

"आजी, मग मी काय लिहू? तुमचं खरं लिहिलं तर शाळेतली पावडर थांबेल."

ती म्हशीच्या अंगावरच्या गोचिडी काढू लागली.

"लिवा, ठकूबाईचं दूध बंद झालं. खरं हाय त्ये. पर त्यापायी आमच्या सकूचा पेला बंद व्हनार आसंल तर माजं नाव खोडा. रांगंत हुती न्हवं, लाल परकराची, ती माजी नात. घरात म्हस आसून पोरीला म्या कवा दूध दिलं न्हाई. समदं इकलं. अवसंचं काय त्ये तेवढं."

दुपारच्या गाडीने मी परतले. पुण्यापर्यंत पेन्सिलीचं 'नाही' दोनदा खोडलं, दोनदा लिहिलं. कागद तिथे पार विरला.

अध्यक्षबाईंची ट्रंक भरून तयार होती. मी घाईघाईने सांगत सुटले : फुकटच्या दुधाला अवसेसारखा काही नेम हवा, निदान थोडं दूध मंडळाने ठकूबाईकडूनच घेऊन शाळेत घालावं, तिचं म्हणणं सभेत जसंच्या तसं वाचावं. त्यांनी शांतपणे ऐकलं. त्या वाईट नाहीत, पण त्यांना बोट गाठायची होती.

"तुझं पटतंय गं. पण तिथे रकाने दोनच आहेत. काय लिहू?"

लाल परकर डोळ्यांपुढून हलेना. मी पेन घेतलं आणि शाईने 'नाही' लिहिलं. ठकूबाईने सांगितलं तसंच केलं, असं त्या रात्री स्वतःला बजावलं. झोप लागली नाही ती नाहीच.

महिन्याभराने मार्गासनीच्या गुरुजींचं कार्ड आलं. पावडर नियमित मिळते आहे, सकूची तब्येत सुधारली आहे. ठकूबाईची म्हैस बाजारात गेली, परवाच्या अवसेला शाळेत कोणी आलं नाही. मी ते कार्ड कितीदा तरी वाचलं. वेल्हे भागात आता दूध विकणारं माझ्या माहितीचं कोणी उरलेलं नाही. मी लिहिलं तेव्हा खोटं होतं, ते आता खरं झालं आहे.