ऊन पडलं की कॅमेरा डब्यात

पावसाळ्यात आमच्या पाड्यावर कधीतरी चुकून ऊन पडायचं. मग बायका गोधड्या बाहेर टाकायच्या, पोरं शाळेच्या पायरीवर पाठ शेकत बसायची आणि मी चामडी पट्ट्यावरची बुरशी पुसायला घ्यायचो. वारघडे गुरुजी मात्र घरात कोणी आजारी असल्यासारखं तोंड करायचे. गळ्यातला कॅमेरा काढायचे, धोतराच्या जुन्या फडक्यात गुंडाळायचे आणि पत्र्याच्या डब्यात तांदळात पुरून ठेवायचे. तांदूळ ओल ओढून घेतो म्हणे. "आज उजेड खराब हाय," असं म्हणून ते निमूटपणे बेरजेचा तास घ्यायला जायचे.

मोखाड्याच्या पुढे, ओहोळ ओलांडल्यावर आमची दोन खोल्यांची शाळा. शिक्षक दोनच, ते आणि मी. ते त्याच पाड्यातले, मी सांगोल्याकडचा. आमच्याकडे ढग आला तर लोक घराबाहेर येऊन बघतात. इथे जून ते ऑक्टोबर ढग घरात येऊन बसतो. बायको बोईसरला कंपनीत नोकरीला, मुलगी तिच्याजवळ. शनिवारी निघायचं, जव्हारला गाडी बदलायची, रात्री पोचायचं आणि रविवारी परत. ओहोळाला पाणी आलं की तेही बंद. मुलीचे दोन वाढदिवस मी शाळेमागच्या खडकावर छत्री धरून साजरे केले, कारण रेंज तिथेच यायची. तिसऱ्या वर्षी ती फोनवर म्हणाली, "बाबा, तुम्ही तिकडे का राहता?" मी तिच्या अभ्यासाचं विचारलं. खिडकीतून धुकं, दारातून धुकं, कपड्यांना कुबट वास. जेलमध्ये निदान सुटायची तारीख तरी सांगतात, असं मी गुरुजींना एकदा चिडून म्हणालो.

त्यावर त्यांनी माझा मोबाईल मागितला. मी वैतागून काढलेले चार-पाच फोटो त्यात होते. ते बघून म्हणाले, "अर्धा फोटो पांढरा. हे काय घेतलंस?"

"आभाळ आहे, गुरुजी."

"त्याच्यात आज काय हाय बघण्यासारखं? काय नाय. मग सोड ना त्याला. खाली बघ. जवळ जा."

त्या दिवसापासून मी त्यांच्या मागून हिंडायला लागलो. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. त्यांचं म्हणणं असं, की उन्हात वस्तूपेक्षा तिची सावलीच जास्त दिसते. ढगाळ दिवशी उजेड सगळीकडून सारखा येतो, म्हणून हिरव्यातले पाच हिरवे वेगवेगळे दिसतात. तेरड्याच्या फुलामागे ते पोराची पाटी धरायचे, की फूल उठून दिसायचं. पानाची खालची बाजू काळवंडली तर पोषण आहाराचं स्टीलचं ताट खाली धरायला लावायचे. वाहत्या पाण्याचा फोटो हवा असला की कॅमेरा वाटाण्याच्या पिशवीवर टेकवायचे आणि मला दम द्यायचे, "श्वास पण घेऊ नको." ताट धरून मी चिखलात उकिडवा बसलेला आणि गुरुजी एका शेवाळावर ओणवे झालेले, हे दृश्य बघून पाड्यातल्या बायका तोंडाला पदर लावायच्या. वारा थांबेपर्यंत ते अर्धा तास थांबत. "घाई कोणाला हाय? तुला? कुठं जायचंय तुला?" असं विचारून वर हसत. मला तेव्हा त्यांचा अस्सा राग यायचा.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली. माणसाचा फोटो ते काढत नसत. लग्नाचासुद्धा नाही. खेकडे, बुरशी, भाताच्या रोपांचं आवण, सगळं चालायचं. कोणी मुलाला पुढे करून म्हणालं, की गुरुजी याचा एक काढा, तर म्हणायचे, "माने सरांच्या मोबाईलात चांगला येतो."

मग ती यादी आली. अवघड क्षेत्रातल्या शाळांची यादी असते. तिच्यातल्या शाळेत ठरावीक वर्षं काढली की बदलीत आधी नंबर लागतो. मी त्याच आशेवर दिवस ढकलत होतो. नव्या यादीतून आमची शाळा गळाली होती. ओहोळाच्या मोखाड्याकडच्या काठापर्यंत डांबरी रस्ता झाला, म्हणून कागदावर आमचं गाव रस्त्याला लागलं. हरकत घ्यायची तर पुरावा द्या, फोटो जोडा, असं पत्र होतं. यादी तशीच राहिली तर मी आणखी किती वर्षं तिथे, हे कोणीच सांगू शकत नव्हतं.

मी गुरुजींच्या पायाच पडलो म्हणा ना. त्यांनी दोन दिवस भिजत फोटो काढले आणि जव्हारला जाऊन मोठे छापून आणले. मी ते तालुक्याच्या शिक्षण कार्यालयात साहेबांपुढे ठेवले. साहेबांनी एकेक उचलला. धुक्यात विरघळलेली वाट, दुधासारखं ओघळणारं पाणी, ओल्या खडकावर एकच पिवळं पान. साहेबांनी शेजारच्या टेबलावरच्या बाईंना बोलावून दाखवले. "अहो सर, लोक हजारो रुपये भरून असल्या ठिकाणी राहायला जातात," ते म्हणाले, "आणि तुम्ही हरकत घेता?"

मी परत आलो तो फणफणतच. शाळेच्या ओट्यावर गुरुजी पोरांची शुद्धलेखनं तपासत होते. मी तो गठ्ठा त्यांच्यासमोर आपटला. म्हणालो, "तुमच्या हौसेपायी माझी पोरगी बापाविना वाढणार. एक तरी वाईट फोटो काढायचा होता!"

त्यांनी पोरांना घरी पाठवलं. मग पेनला टोपण लावलं.

"मी नवीन लागलो तेव्हा तिकडं वावर-वांगणीच्या बाजूला व्हतो," ते म्हणाले. "बाळं कुपोषणानं दगावली ना, त्या वर्षी. मुंबईहून पेपरवाल्यांच्या जीप यायच्या. वाट दाखवायला मी. मला वाटं, फोटो छापून आला तं डाक्टर येल, औषध येल. एक बाई पोराला घेऊन झोपडीत बसलेली. फोटोवाला बोलला, उजेडात आणा. मीच आणला. बोलला, सदरा काढा. मीच काढला. तिला इचारलं पण नाय. कडक ऊन व्हतं. ती नुसती माझ्याकडं बघत राह्यली."

"मग?"

"फोटो आला छापून. डाक्टर पण आला मागनं. पोरगा नाय राह्यला." त्यांनी गठ्ठा उचलून नीट केला. "बाहेरच्यांनी इकडचं तेवढंच नेलं, माने. मला नाय तसं काढता येत. तुम्ही अवघड क्षेत्र बोलता. माझं घर हाय ते."

माझा राग गेला असं नाही. बोईसरला फोन करून बायकोला सांगायचं होतं, त्याचं ओझं तसंच होतं. पण त्यांच्याकडे यादीसाठी पुन्हा कधी फोटो मागितले नाहीत. वर्ष गेलं, पुढचा पावसाळा आला. मी पुन्हा ताट धरायला जाऊ लागलो.

त्या ऑगस्टात ओहोळाकाठच्या शेवाळावरून गुरुजींचा पाय सटकला. नडगीचं हाड मोडलं. मी होतो शेजारीच, पण हात पुरला नाही. चौघांनी बांबूला चादर बांधून झोळी केली आणि त्यांना उचललं. पलीकडे जीप बोलावली होती, मध्ये कमरेएवढं गढूळ पाणी. मी बाजूने त्यांच्यावर छत्री धरून चाललो होतो. पाण्याच्या मध्यावर गुरुजी दात आवळून म्हणाले, "माने, मोबाईल काढ."

"कशाला?"

"माझा फोटो घे. तुझ्या यादीला."

"नको, गुरुजी."

"घे बोलतो ना! ह्याला कोणाला इचारायला नको."

पुढचा बांबू धरणारा महादू ओरडला, "गुरुजी, पानी वाढतोय, फोटो कसला काढताव!"

"थांब रे जरा. सरांचा हात हलेल," गुरुजी म्हणाले. त्यांनी अंगावरचं प्लास्टिक स्वतःच बाजूला सारलं. सुजलेला पाय उघडा केला आणि चेहरा माझ्याकडे वळवला. दुखणं लपवायचा काहीही प्रयत्न केला नाही. छत्री काखेत धरून मी फोटो काढला. मला रडू आलं होतं, हे सांगायला लाज वाटत नाही. फोटो काढला याची वाटते.

कारण तो मी दिला. दिवाळीआधी पुन्हा हरकती मागवल्या, तेव्हा जोडला. साहेबांनी तो बघितला, कोणाला बोलावलं नाही, काही विचारलं नाही, नुसती खूण केली. शाळा यादीत परत आली. उन्हाळ्यात माझी बदली झाली.

निघालो त्या दिवशी ओहोळ कोरडा होता. गुरुजी काठी टेकत डांबरी रस्त्यापर्यंत आले. पाय गुडघ्यात पूर्ण वाकत नव्हता. मी म्हणालो, "नवीन सर येतील लवकर." ते म्हणाले, "येल कोणीतरी. तू जा. पोरगी वाट बघते." मी वाकून नमस्कार केला, तेव्हा माझ्या खांद्याचा आधार घेऊन ते क्षणभर उभे राहिले. मग जीप आली.

आता मी रोज साडेपाचला घरी असतो. मुलीची गणितं घेतो. गुरुजींचा फोन आठवड्यातून एकदा येतो, खडकापर्यंत काठी टेकत जाऊन ते तो करतात. चार इयत्ता ते एकटेच सांभाळतात. मध्यंतरी बदल्यांच्या पोर्टलवर मी आमची शाळा उघडून बघितली. नावापुढे "अवघड क्षेत्र" असं लिहिलेलं आहे. जागा मागताना माणूस ते आधी बघतो आणि यादीतल्या खालच्या गावाकडे वळतो; मीही तेच केलं असतं. माझ्या जागी अजून कोणी आलेलं नाही.