गप्प झालेली बचावफळी

आदल्या वर्षी आमच्यावर गोल करताना समोरच्या टीमला घाम फुटायचा. त्या वर्षी मात्र पहिल्या चार सामन्यांत आम्ही अकरा गोल खाल्ले. ते सगळे बॉल जाळ्यातून मीच काढून आणले, कारण कीपर मी होतो.

खेळाडू तेच होते, हे सगळ्यांत कोड्यात टाकणारं होतं. मागच्या चौघांपैकी एकही बदलला नव्हता. मधोमध उभा राहणारा आमचा स्टॉपर खाडीकडच्या एका गावातला. घरची भातशेती, आजोबांच्या पिढीपर्यंत मिठागरावरचं काम. पायात फार वेग नव्हता त्याच्या, पण त्याला खेळ आधी दिसायचा आणि दिसला की तो ओरडायचा. आमच्या उजव्या बाजूला कोण मोकळा सुटलाय ते मैदानाबाहेरच्या चहावाल्यालासुद्धा समजायचं. कुणाच्या पाठीवर समोरचा खेळाडू आला की तो म्हणायचा, ‘मानूस!’ उंच बॉल आला की म्हणायचा, ‘कोनाचा?’ मग मी किंवा तो, कुणीतरी एक ‘माझा’ म्हणायचा आणि दुसरा बाजूला व्हायचा. आदलं सगळं वर्ष आम्ही असेच खेळलो.

मी आचोळ्याचा. वडील मुंबईत सरकारी नोकरीत, मूळचे साताऱ्याकडचे. आई लहानपणी माझ्याकडून ‘बाण’, ‘पाणी’, ‘कोण’ असे शब्द मोठ्याने म्हणवून घ्यायची. एखादा ‘ण’ घसरला की पुन्हा म्हणायला लावायची. तिला त्यात कुणाचा अपमान करायचा नव्हता. पण माझ्या कानाला मात्र तेव्हापासून सवय लागली, दुसऱ्याचा ‘न’ लगेच टिपायची.

सुट्टीत कुणीतरी आदल्या मोसमातल्या सामन्याचा व्हिडिओ पाठवला. त्यात स्टॉपर तीनदा ‘मानूस’ असा ओरडतो. मला मजा वाटली. तेवढाच तुकडा कापून मी त्याच्याखाली ढोलाचा ठेका टाकला आणि टीमच्या ग्रुपवर सोडला. संध्याकाळपर्यंत तो सगळ्या कॉलेजात फिरला. कॉलेज सुरू झालं तेव्हा कँटीनमध्ये वड्याची प्लेट आली तरी पोरं ‘मानूस’ म्हणून ओरडत होती. वर्गात हजेरी घेताना स्टॉपरचं नाव आलं की मागच्या बाकावरून तोच आवाज यायचा. एकदा हजेरी घेणारे सरही हसले. स्टॉपरही हसायचा. मला म्हणाला होता, “भारी केलंस.” मी ते शब्दशः घेतलं.

मग सामने सुरू झाले आणि आमचं मागचं दार सताड उघडं पडलं.

आमचे क्रीडाशिक्षक स्वतः तरुणपणी चांगले खेळलेले. चिडणारे नव्हते. प्रत्येक पराभवानंतर ते पांढऱ्या फळीवर चुंबकाच्या गोल चकत्या लावून आम्हाला दाखवायचे, गोल कुठून आला. आधी त्यांना वाटलं, दम कमी पडतोय. मग आठवडाभर सकाळी साडेसहाला धावणं झालं. पुढच्या सामन्यात तीन गोल झाले. मग त्यांनी मागे चारऐवजी पाच जण ठेवले. तेव्हा पाचही जण एकाच बॉलवर गेले आणि समोरचा एकटा, मोकळा, माझ्यासमोर आला. शेवटी त्यांनी लेफ्ट बॅकला बाहेर बसवलं.

लेफ्ट बॅक भुईगावचा. घरची केळीची वाडी होती. रविवारी मिसा झाल्यावर तो थेट चर्चमधून, किट पिशवीत घालून सरावाला यायचा. चारपैकी दोन सामन्यांत निर्णायक गोल त्याच्या बाजूने झाले होते, हे खरं. सर म्हणाले, “तू थोडा उशिरा वळतोयस. एक-दोन सामने बाहेरून बघ.” त्याने मान हलवली. दुसऱ्या दिवशीही तो सरावाला वेळेवर आला आणि बाहेर गेलेले बॉल आणून देत राहिला. आम्ही कुणीच काही बोललो नाही. हरण्याचं काहीतरी कारण सापडलंय याचं आम्हाला जरा बरंच वाटलं होतं.

चौथ्या सामन्यात माझ्या करंगळीवर एकाचा बूट पडला होता. दोन दिवस मी दुखणं अंगावर काढलं, मग डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि पंधरा दिवस खेळू नको म्हणून सांगितलं. त्यामुळे पाचवा सामना मी आमच्याच गोलच्या मागे, गवतात बसून बघितला. शेजारी लेफ्ट बॅक होता.

मैदानाबाहेरून खेळ वेगळाच ऐकू येतो. पलीकडे, त्यांच्या अर्ध्यात, सतत बोलणं चालू होतं. त्यांचा कीपर बोलत होता, स्टॉपर बोलत होता. हिंदीत, मराठीत, मध्येच एखादी शिवी. आमच्या बाजूला बुटांचा आवाज तेवढा येत होता. दहा मिनिटं झाली तरी मला वाटत राहिलं की काहीतरी चुकतंय. काय ते कळेना.

मग आमच्या राइट बॅकला बॉल मिळाला. तो मनवेलपाड्याचा, शांत पोरगा. तोंड आमच्याकडे, पाठ मैदानाकडे. त्याच्या मागून त्यांचा एक जण धावत येताना मला दिसला. मैदानात आणखी पुढे, आमच्या दिशेने वळलेल्या स्टॉपरलाही दिसला. मी बरोबर त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो. त्याचं तोंड उघडलं आणि मिटलं. त्याने नुसता हात वर केला. राइट बॅकला हात कसा दिसणार? बॉल गेला. आणखी दोन पावलांत गोल झाला.

“बघ,” लेफ्ट बॅक हळूच म्हणाला, “माझ्याही वेळेला असंच झालं होतं. मला मागचं कुणी सांगितलंच नाही.”

“मग सरांना का नाही सांगितलंस?”

“काय सांगू? तो ओरडत नाही म्हणून? ओरडला की सगळे हसतात.” त्याने माझ्याकडे बघितलं नाही. बोलला मात्र सरळ. “माझी घरची भाषा तर त्याहून वेगळी. म्हणून मी कॉलेजात पहिल्यापासून कमीच बोलतो.”

उरलेला सामना मी जवळजवळ बघितलाच नाही. घरी गेल्यावर तो व्हिडिओ एकदा लावला आणि काढून टाकला. पण तो दोनशे फोनांत होता, माझ्या एका फोनातून जाऊन काय होणार होतं?

रविवारी मी रिक्षा करून स्टॉपरच्या गावाला गेलो. न कळवता. कळवलं असतं तर त्याने ‘येऊ नको’ म्हटलं असतं, अशी भीती होती. भाताची कापणी उरकत आली होती. घरी त्याची आई भेटली. कॉलेजातला मित्र म्हटल्यावर तिने पाणी दिलं आणि म्हणाली, “शेतावर हाय. जा, आवाज येईल तुला.”

खरंच आला. दोन बांध ओलांडायच्या आधीच मला तो ऐकू आला. वडील पलीकडच्या टोकाला, चुलता खळ्यावर, आणि हा मधे उभा राहून दोघांनाही एकाच वेळी काहीतरी सांगत होता. भारा कुठे टाकायचा, दोरी कोणाकडे आहे. मी बांधावरच थांबलो. सहा महिन्यांत हा आवाज मी मैदानावर ऐकला नव्हता, आणि तो गेलाय हे कळायला मला करंगळी दुखावून घ्यावी लागली होती.

त्याने मला बघितलं. आश्चर्य दाखवलं नाही. “एका हाताने पेंढा उचलता येतो,” म्हणाला. मग मी दुपारपर्यंत पेंढा उचलला. अंगाला खाज सुटली. जेवायला तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी होती. वडील आणि चुलता जेवून आडवे झाले तेव्हा मी म्हटलं, “तो व्हिडिओ मी करायला नको होता.”

त्याने भाकरीचा तुकडा मोडला.

“मी ठरवून गप्प नाय बसलो,” तो म्हणाला. “तुम्हाला हरवायचं म्हणून. तसं समजू नको.”

“नाही समजलो.”

“मागून मानूस आला की शब्द तोंडात येतोच. पन मग डोक्यात येतं, बाहेर पोरं उभी आहेत, हसतील. मग मी तुमच्यासारखं बोलायला बघतो. ‘माणूस’ म्हणू, का ‘मॅन ऑन’ म्हणू? तेवढ्यात बॉल गेलेला असतो.” त्याने एक घास घेतला. “अर्धा सेकंद लागतो रे. जास्त नाय.”

बचावात अर्धा सेकंद म्हणजे किती, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

“राग आहे का माझ्यावर?”

“होता. थोडा अजून हाय,” तो म्हणाला आणि पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला.

सोमवारी मी सरांकडे गेलो आणि सगळं सांगितलं, व्हिडिओ कुणी केला तेही. ते फळी पुसत होते. ऐकता ऐकता त्यांचा हात थांबला.

“हे आधी का नाही सांगितलंस?”

“मला आधी कळलंच नव्हतं, सर.”

“मलाही कळायला हवं होतं,” ते म्हणाले. “मी नुसता बघत होतो. ऐकत नव्हतो.” थोड्या वेळाने त्यांनी स्वतःच लेफ्ट बॅकला बोलावून घेतलं आणि त्याची माफी मागितली. एखाद्या शिक्षकाने विद्यार्थ्याची माफी मागितलेली मी पहिल्यांदाच बघत होतो. लेफ्ट बॅक इतका अवघडला की ‘थँक यू सर’ म्हणून निघूनच गेला.

सरावाच्या आधी मी सगळ्यांसमोर चूक कबूल केली. दोघेतिघे हसले. हसणं लगेच जात नाही. स्टॉपर म्हणाला, “झालं ना? बॉल टाका आता.” त्या दिवशी तो एकदाच ओरडला, तेही हळू. दुसऱ्या दिवशी दोनदा. सरांनी नियम केला की मागच्या चौघांनी आणि कीपरने ज्याच्या तोंडात जे येईल ते बोलायचं, फक्त बोलायचं. लेफ्ट बॅक म्हणाला, “मी घरचं बोललो तर तुम्हाला एक अक्षर कळणार नाही.” स्टॉपर म्हणाला, “तू बोल. आम्ही शिकू.” मागे, डावीकडे, सोड, थांब, एवढे चार शब्द आम्ही त्याच्याकडून शिकलो. त्याच्या आईला म्हणे हे ऐकून इतकी मजा वाटली, की आठवडाभर ती शेजारणींना सांगत होती.

आम्ही काही त्यानंतर जिंकत सुटलो नाही. एक सामना बरोबरीत सुटला, एक जिंकलो. शेवटचा सामना एक-शून्यने हरलो, आणि तो गोल पूर्णपणे माझा. कॉर्नर आला, स्टॉपरने विचारलं, मी ‘माझा’ म्हणून खणखणीत ओरडलो, तो शिस्तीत बाजूला झाला आणि बॉल माझ्या पट्टी बांधलेल्या हातातून निसटून आत गेला. मी जमिनीवर बसून राहिलो. तो जवळ आला, त्याने मला हात देऊन उठवलं. “आता तू तरी गप्प बसू नको,” म्हणाला.

वर्षाखेरीला कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी फुटबॉलचा अहवाल लिहायचं काम सरांनी मला दिलं. बचाव का ढासळला, हे मी जसं घडलं तसं दीड पानात लिहिलं, माझ्या चुकीसकट. अंक छापून आला तेव्हा तिथे एकच ओळ होती: खेळाडूंच्या दुखापतींमुळे बचावफळी यंदा कमकुवत राहिली. संपादक मंडळाने जागेअभावी कापलं, असं सर म्हणाले.

माझं हस्तलिखित मी स्टॉपरला वाचायला दिलं. मैदानाच्या पायऱ्यांवर बसून त्याने ते सावकाश वाचलं, एका ठिकाणी पेनाने तारीख दुरुस्त केली आणि घडी घालून परत दिलं.

“लिहिलंस ते बरं केलंस,” तो म्हणाला. “छापलं नाय, तेही बरं झालं.”

मग आम्ही चहा प्यायला गेलो.