सुलभाची नोकरी

वेताच्या खुर्च्या विणणाऱ्यांकडे दोन गोष्टी साचतात. वेताचे तुकडे आणि किस्से. तुकडे संध्याकाळी झाडून टाकता येतात. किश्श्यांचं काय करायचं, तुम्हीच सांगा! रत्नागिरीतल्या आमच्या वर्कशॉपात मी, बाळा आणि सुलभा. तिघांनाही दिसत नाही. सांगून टाकलं एकदा. आता कुणी हळहळू नका, माझं डोकं उठतं.

* * *

आत येणाऱ्यानं नाव सांगायचं, हा आमचा नियम. "मी बाळा, आलो." जाताना, "मी बाळा, निघालो." एकदा एक पुढारी पांढऱ्या काठ्या वाटायला येणार होते. सकाळ गेली, पत्ता नाही. बाळा वैतागला. "कधी उलथणार आहे मेला?"

दारातून आवाज आला, "उलथलो!"

साहेब केव्हाचे गुपचूप उभे राहून आमचं काम बघत होते. मग काठ्या दिल्या, फोटो काढले. सुलभानं विचारलं, "साहेब, नोकरीचं काय?"

साहेब म्हणाले, "आणखी एक काठी घे गो!"

* * *

एक रिटायर्ड वकील दर काही महिन्यांनी तीच खुर्ची विणायला आणायचे. एकदा बाळानं तिच्यावरून बोटं फिरवली आणि थांबला. वेत झिजलेला नव्हता, ब्लेडनं कापलेला होता!

"साहेब, ही कुणी कापली?"

"मीच रे. तुम्हाला तेवढंच काम!"

बाळानं कापलेला वेत खसाखसा ओढून काढला. खुर्ची विणली अर्थात. दुसरं काम होतंच कुठे!

* * *

सुलभा राजापूरकडची. बोलणारा कॉम्प्युटर शिकली, खुर्च्यांच्या कामातून बाहेर पडायचं म्हणून. तिचा भाऊ सुरेश मुंबईत कामाला. त्यानं बजावलेलं, "गणपतीपर्यंत नोकरी बघ. नाही लागली तर घरी नेऊन सोडणार." घरी म्हणजे पडवीत. तिथं तिला कुणी तांदूळसुद्धा निवडू देत नाही. "जिवंतपणी फोटो होऊन भिंतीला टांगल्यासारखं वाटतं," असं ती म्हणायची.

* * *

एका ऑफिसात इंटरव्ह्यूला गेली. साहेब खूश. "वा! टायपिंग फर्स्ट क्लास. पण आमचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. तुम्हाला जिना कसा जमणार?"

सुलभा म्हणाली, "साहेब, मग मी आत्ता कुठे बसलेय?"

नोकरी नाहीच मिळाली.

* * *

शेवटी लागली! एका कारखान्याच्या ऑफिसात फोन घ्यायचं काम. बाळानं पेढे आणले, स्वतःच जास्त खाल्ले.

पहिला आठवडा फोन वाजला नाही. "नवीन आहेस, वाजेल," आम्ही म्हटलं. महिना गेला. पगार वेळेवर. मालक येता-जाता विचारायचा, "बाळ, दमलीस का?"

एका दुपारी सुलभानं फोनची वायर चाचपत नेली. ती भिंतीपर्यंत पोचलेलीच नव्हती. टोक टेबलाखाली मोकळं पडलेलं.

हे तिनं वर्कशॉपात येऊन सांगितलं तेव्हा मी हातातला वेत भिरकावला. बाळा म्हणाला, "सोडून दे गो असली नोकरी!"

"सोडून जाऊ कुठं? पडवीत?" एवढं बोलून ती रडायला लागली. दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर गेली.

गणपतीला सुरेश आला. मला म्हणाला, "दादा, चला, तिचं ऑफिस बघून येऊ." मला ती वायर आठवली. पण नाही कसं म्हणणार?

दारात सुरेशनं वॉचमनला नाव सांगितलं. लगेच आतून सुलभाचा आवाज. "नमस्कार. साहेब मीटिंगमध्ये आहेत. हो, निरोप देते ना." रिसीव्हर ठेवला, परत उचलला. "नमस्कार. कोण बोलतंय?" असं लागोपाठ चाललं. सुरेश माझ्या शेजारून दोन पावलं आत गेला. तिला हाकही न मारता माझा हात धरून बाहेर आला.

"दिवसभर फोन येतात काय हो तिला?"

"दिवसभर," मी म्हटलं.

तो म्हणाला, "मग राहू दे इथंच. आईला मी सांगतो. फक्त टेबलाखालची ती वायर कुणाला तरी उचलून ठेवायला सांगा. पाय अडकेल तिचा."