लाईट आल्याचं सांगणारी

आमच्या घरात लाईट आल्याचं सगळ्यांत आधी कळायचं ते माझ्या मुलीला. लाईट म्हणजे घरातली नव्हे, विहिरीवरच्या मोटरीची. देवळाली प्रवराच्या बाजूला ज्याचा ऊस आहे त्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. एक आठवडा ती दिवसा असते, एक आठवडा रात्री, आणि रात्रीची नक्की कधी येईल ते देवालाही विचारू नये. नवऱ्याचं नाव घ्यायची मला सवय नाही, म्हणून इथंही 'हे'च म्हणते. तर ह्यांनी ओसरीवर एक लाल बल्ब लावला होता. मोटरीची लाईट आली की तो लागायचा, आणि तो लागला की ह्यांनी बॅटरी घेऊन मळ्यात जायचं, मोटर चालू करायची, पाणी एका सरीतून दुसऱ्या सरीत वळवत पहाट करायची. अडचण एकच. हे झोपले की कानाशी ढोल वाजवला तरी उठत नाहीत.

बल्ब बघायची ती मुलगी. गेल्या वर्षीची गोष्ट, तेव्हा ती चौदा वर्षांची होती, नववीत. झोपेशी तिचं पाळण्यापासूनच वाकडं. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत घरभर भिरभिरायची. वही उघडायची, मिटायची, माठातलं पाणी प्यायची आणि खिडकीत जाऊन बसायची. तिथून ओसरी दिसायची. बल्ब लागला की अनवाणी येऊन ह्यांच्या पायाचा अंगठा हलवायची, "पप्पा, आली." हे उठायचे, तिच्या डोक्यावर हात ठेवायचे आणि निघायचे. चारचौघांत सांगायचे, "आमच्या घरात गजराचं घड्याळ न्हाई, लेक हाय." शेजारच्या मळ्यातल्या काकूसुद्धा लाईट आली का विचारायला रात्री तिलाच फोन लावायच्या.

खरं सांगते, मला त्या रात्री आवडायच्या. अर्धवट झोपेत तिची पावलं ऐकू यायची, मग दाराचा आवाज, मग खूप लांबून मोटरीची घरघर. थोड्या वेळानं खिडकीतून ओल्या मातीचा वास यायचा आणि उसाची पानं सळसळायची. सगळं जिथल्या तिथं आहे असं वाटून मी कूस बदलायचे. ती मात्र तशीच जागी राहायची, आणि याचा विचार माझ्या मनाला कधी शिवला नाही.

सकाळी तिला उठवणं म्हणजे लढाई. शाळेतून रोज काहीतरी यायचं. वही विसरली, उत्तर अर्धंच सोडलं, तास चालू असताना उठून उभी राहिली. विज्ञानाच्या पेपराला तर ती बाकावर डोकं ठेवून झोपली आणि कोरा पेपर देऊन आली. मी स्वतः प्राथमिक शाळेत शिक्षिका. पालकसभेत "मुलांना वेळेवर झोपवत जा" असं बजावणारी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. त्या दिवशी मी तिला आळशी म्हणाले, नाही नाही ते बोलले. तिनं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "मम्मी, मला डोकंच नाही का गं?"

त्यानंतर आठ दिवसांत आम्ही दोघी नगरला डॉक्टरांकडे गेलो. बाई होत्या. एकदा नाही, तीनदा बोलावलं, शाळेकडून लिहून आणायला सांगितलं, मग म्हणाल्या की हिला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष एका जागी टिकत नाही. अशा मुलांना झोप बऱ्याचदा उशिरा लागते, त्यात आळस नाही. मग त्यांनी मला सोडून तिलाच विचारलं, "रात्री जागी असतेस तेव्हा काय करतेस?"

पोरीचा चेहरा फुलला. "लाईट आली की पप्पांना उठवते. एकदाही चुकले नाही."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले.

"तुम्ही तिला रात्रपाळी लावून दिलीये," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, तरी मला तो लागला. मग त्यांनी समजावलं. उठायची वेळ रोज एकच, रविवारीसुद्धा. सकाळी उठल्याबरोबर बाहेर उजेडात जायचं. संध्याकाळनंतर घरातले दिवे कमी, मोबाईल तिच्या खोलीत नको, आणि तो बल्ब तिच्या नजरेला पडता कामा नये.

परतताना एसटीत राहुरी मागं पडल्यावर ती म्हणाली, "मग आता मी घरात काय करायचं?" शाळेत तिला कुणी कधी शाबासकी दिली नव्हती. ही एक गोष्ट तिला जमायची, आणि तीच आम्ही काढून घेणार होतो. मी खिडकीकडं तोंड करून रडले.

तोड काढली ती ह्यांनी. बल्ब आमच्या उशाशी आणला, माझी झोप सावध म्हणून उठवायचं काम माझ्याकडं दिलं आणि तिला म्हणाले, "रातचं मी बघतो. सकाळी शेवटच्या सरीला पानी पोचलं का, ते तू बघायचं. माझी नजर चुकती, तुझी न्हाई." म्हणजे रोज साडेसहाला मळ्याच्या पार टोकापर्यंत कोवळ्या उन्हात चालत जाणं आलं. औषध आणि मान, दोन्ही एकाच फेरीत.

सुरुवातीचे पंधरा दिवस घरात नुसती धुसफूस. एकदा तर ती बांधावरच झोपलेली सापडली. मोबाईल मी बाजरीच्या डब्यात ठेवायचे, ती तो शोधून काढायची. पण रात्री नऊला बारका दिवा लावून हे तिच्या पायाशी बसायचे आणि संथ आवाजात पाणी सोडायचे.

"आता पानी विहिरीतून वर आलं. पायपातून निघालं. पहिल्या सरीत शिरलं. ढेकूळ भिजलं, इरघळलं. पानी पुढं गेलं."

"पप्पा, तिथं उंदराचं बीळ आहे. पाणी आत जाईल."

"व्हय की. बुजवलं बीळ. आता पानी दुसऱ्या सरीत."

शेजारच्या खोलीत वह्या तपासता तपासता माझेही डोळे जड व्हायचे. ते पाणी माझ्या अंथरुणाखालून गेल्यासारखं वाटायचं. दिवस गेले तसं तिचं मध्ये बोलणं कमी होत गेलं. आधी सातव्या सरीपर्यंत बोलायची, मग पाचव्या.

मे महिन्यात एके रात्री चौथ्या सरीनंतर काहीच ऐकू आलं नाही. जाऊन बघितलं तर ती झोपली होती, आणि पाणी सोडणारे हेही तिच्या पायाशी भिंतीला टेकून घोरत होते. मी दिवा मालवला, आमच्या खोलीत आले आणि मलाही कधी नव्हे ती गाढ झोप लागली.

पहाटे जाग आली तेव्हा उशाशी बल्ब लाल पेटलेला. ह्यांना उठवायला धावले, तोवर तो विझला. लाईट येऊन गेली होती. ऊस आधीच शेंड्याला पिवळा पडत होता आणि त्याचं एक पाणी आम्ही तिघांनी झोपेत घालवलं होतं. हे उठून ओसरीवर येऊन बसले. मी चहा दिला.

साडेसहाला ती नेहमीप्रमाणे मळ्यात गेली आणि परत आली. पाय कोरडे होते.

"पप्पा, शेवटची सरी कोरडी आहे. सगळ्याच कोरड्या आहेत. रात्री लाईट आली नव्हती का?"

पाण्याच्या बाबतीत हा माणूस कधी खोटं बोलल्याचं मी ऐकलं नाही. त्यांनी कप खाली ठेवला.

"न्हाई गं बाई. आलीच न्हाई."

"तरीच," ती डोळे चोळत म्हणाली, "मला काहीच कळलं नाही."