शेबाचा मसीहा अजून यायचा आहे

बेनीचा फोन आला तेव्हा मी लोणच्याच्या बरणीचं घट्ट बसलेलं झाकण उघडायच्या खटपटीत होते. "शकूताई, शेबा गेली. पहाटे, झोपेतच." कशी गेली, त्रास झाला का, असं काही विचारायला हवं होतं. माझ्या तोंडून निघालं, "मग कद्दिश तू म्हणणार ना?" "बघू," तो म्हणाला. "गाडी सांगितली आहे. तुम्ही येताय ना?"

कद्दिश म्हणजे यहुदी लोक आपल्या माणसाला पुरल्यावर म्हणतात ती प्रार्थना. रानशेतच्या, नागली पिकवणाऱ्या घरातल्या मला हे ठाऊक झालं ते शेबामुळे. एलिशेबा तिचं पूर्ण नाव. वडील जंगलखात्यात कारकून म्हणून अलिबागकडून डहाणूला आले आणि इथलेच झाले. बोलणं तुमच्याआमच्यासारखं मराठी, सणाला नऊवारी, आणि दाराच्या चौकटीवर देवाचं वचन ठेवलेली छोटी डबी. बेने इस्राएलांचं, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांचं, गावात ते एकच घर. तलासरीच्या शाळेत आम्ही दोघी शिक्षिका म्हणून एकाच वर्षी लागलो. तिला भूगोल, मला मराठी. रोज एसटीने जाऊन-येऊन. शनिवार हा त्यांचा पाळायचा दिवस. शाळा काही त्यासाठी बंद राहणार नव्हती, म्हणून ती यायची, पण त्या दिवशी खडूला हात लावायची नाही. "एवढं तरी," म्हणायची. मग फळ्यावरचे नकाशे मी काढायचे. माझी गोदावरी एकदा थेट अरबी समुद्राला जाऊन मिळाली. शेबा अख्ख्या वर्गाला गंभीरपणे म्हणाली, "बाईंनी नदीची बदली केली आहे."

तेव्हा मी पंचविशीची होते आणि मला जगातलं सगळं कळत होतं. तसं वय पुन्हा आलं नाही, हे बरंच झालं.

बेनी तिचा धाकटा भाऊ, तलासरीकडच्या एका मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर. वाचत वाचत त्याची खात्री झाली की यहुदी ज्याची वाट बघतात तो मसीहा, देवाने पाठवायचा तारणारा, येऊन गेला आहे, आणि तो म्हणजे येशू. घरी येऊन त्याने तसं सांगितलं. शेबा तांदूळ निवडत होती. "येऊन गेला? मग पोरं अजून उपाशी का झोपतात रे?" "तो पुन्हा येईल, शेबा. आणि मी यहुदीच आहे. येशू तरी कोण होता?" "तू यहुदीच आहेस," ती म्हणाली. "पण चुकलेला." नातेवाइकांनी त्याचं नाव टाकलं, तेव्हा मात्र हीच त्यांच्याशी भांडली. "चुकलेला म्हणा. परका म्हणायचं नाही."

त्यांच्याकडे थंडी सरता सरता एलियाहू नबीच्या नावाने मलिदा व्हायचा. गूळ-खोबरं घातलेले पोहे, पाच फळं, त्यात आपला चिकू असायचाच, आणि एकेका फळावर आशीर्वाद म्हणायचा. मसीहाच्या आधी हा एलियाहू वर्दी द्यायला येणार अशी त्यांची श्रद्धा. म्हणजे ते वाट बघणाऱ्यांचं ताट. शेबाने भावाला स्पष्टच सांगितलं, "तुझी वाट बघून झाली आहे. मग या ताटाशी कशाला बसतोस?" तरी तो आला, आणि बाहेर ओट्यावर बसून राहिला. आणि मी, दरवर्षी महालक्ष्मीच्या जत्रेला विवळवेढ्याला जाणारी, आत ताटाशी! मी शेबाला विचारलं, हा कुठला न्याय? "तू पाहुणी आहेस. पाहुण्यांना कोणी विचारत नाही तुम्ही काय मानता. तो घरचा आहे." मग मी प्रसाद वाटावा तसं माझं ठेवणीतलं वाक्य वाटलं, "अगं, देव सगळे एकच." तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "तुला एकच वाटतात, शके, कारण तू एकाचंही धड ऐकलेलं नाहीस."

एवढं ऐकूनही मी गप्प बसले असते तर! दोन घास मलिदा वाटीत घेतला, मागच्या दाराने ओट्यावर गेले आणि बेनीला म्हटलं, "शेबाने पाठवलाय." तो खाताना रडला. मी मनातल्या मनात स्वतःला हार घातला. मग तो आत येऊन बहिणीच्या पाया पडला. ती माझ्याकडे बघत ताटं उचलायला लागली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती मला दंडाला धरून त्याच्या दवाखान्यात घेऊन गेली. बाटल्यांना चिठ्ठ्या डकवत होता तो. "बेनी, काल मी काही पाठवलं नव्हतं. या बाईने माझ्या नावाने थाप मारली. माझं म्हणणं आहे तेच आहे." बेनीचा चेहरा उतरला. मला भूमी पोटात घेईल तर बरं असं झालं. शेबा पुढे म्हणाली, "पण तू रडलास असं ही सांगते. ज्याची वाट बघून झाली तो कशाला रडेल? पुढच्या वर्षी आत बस. पण मला पटवायला यायचं." तिथून त्यांचं जे भांडण सुरू झालं, ते चाळीसहून जास्त वर्षं. दर रविवारी, तिच्या खोलीत, चहाच्या तीन फेऱ्या. पटलं कोणालाच नाही. दोघांच्या तब्येती मात्र उत्तम राहिल्या.

शेवटच्या आजारात एका रविवारी ती म्हणाली, "माझं कद्दिश तू म्हणायचंस, बेनी." तिने लग्न केलं नव्हतं, तोच जवळचा. पण त्यांच्या पद्धतीच्या कद्दिशात देवाकडे एक मागणं असतं, तुझा मसीहा जवळ आण, असं. बेनी म्हणाला, "ते मी तुझ्या अर्थाने म्हटलं तर खोटं होईल. माझ्या अर्थाने म्हटलं तर तुला फसवल्यासारखं होईल." "म्हणून तर तुला सांगतेय. दुसरा कोणी विचार न करता म्हणून टाकेल." बेनी तिचं औषध आणायला उठला, आणि ते तसंच राहून गेलं.

शहरातल्या त्यांच्या दफनभूमीत ज्या दहा पुरुषांच्या साक्षीने प्रार्थना होते, त्यांत एका वृद्ध गृहस्थांनी बेनीला मोजलं नाही. "राग मानू नकोस. दहा आम्ही भरतो. बहिणीसाठी म्हणायला तुला अडवणार नाही." बेनी पुढे झाला. मला भाषा कळत नव्हती. मी त्याचा आवाज ऐकत होते. एका ठिकाणी तो थांबला. मग पुढे म्हणाला, आधीपेक्षा मोठ्याने.

परतताना चारोटीला हायवे सोडल्यावर मी विचारलंच. "ते म्हटलंस?" "म्हटलं." "कोणाच्या अर्थाने?" तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "तिच्या. तिने जन्मभर ज्याची वाट बघितली, तो तिला दिसू दे, एवढंच मागितलं. त्यात माझं मत आडवं आलं नाही, शकूताई. मला वाटलं होतं येईल."

परवाच्या रविवारी आम्ही दोघं तिची खोली आवरायला गेलो. पुस्तकं बांधायची होती. चहा झाला, आणि बोलता बोलता बेनी म्हणाला, "शेबा म्हणाली असती, पुन्हा यायचं होतं तर तो गेलाच कशाला?" मी म्हटलं, "बरोबर आहे तिचं." "बरोबर कसं?" तो म्हणाला आणि स्वतःच उत्तर द्यायला लागला, मग त्या उत्तराला तिचं उत्तर, तिच्याच ठसक्यात. इतकं बिनतोड, की शेवटी मलाच बेनीची बाजू घ्यावी लागली, खुद्द बेनीविरुद्ध! सत्तरी उलटलेल्या रानशेतच्या बाईने येशूच्या बाजूने वाद घालावा... संध्याकाळ झाली. एकही पुस्तक बांधून झालं नव्हतं. बेनी तिसरा चहा टाकायला उठला.