बदरूभाईंच्या पिक्चरमधली आई

हसनाबादचे बदरोद्दीन टेलर सिनेमाबद्दल बोलायचे ते सगळं कपड्यांवरून. दर मंगळवारी दोरा, बटणं, अस्तर आणायला जालन्याला जायचे आणि बाराचा खेळ बघून संध्याकाळच्या एसटीनं परतायचे. अंगारकी चतुर्थीला राजूरच्या गणपतीच्या गर्दीत उभं राहून यावं लागे, पण पिक्चर कधी चुकला नाही. बुधवारी मशीनवर बसले की सुरू. "हिरो हमाल, अन् पँटीला कडक इस्त्री! हमालाच्या पँटीचे गुडघे निघालेले पाह्यजेत का न्हाई? गाणे सहा. चार उसवून टाकले असते तरी पिक्चर बराबर बसला असता."

कपडे टाकायला आलेली माणसं हसायची. शेजारच्या घरातून ऐकताना मला मात्र राग यायचा. तेव्हा मला कुणाचंच हसणं सोसत नव्हतं.

चौऱ्याऐंशी साली आमचे मालक विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेले. नंदा तीन वर्षांची. मला जगायचंच नव्हतं, हे आज स्पष्ट लिहिते. पोरीला जेवायला वाढायलाही हात उचलत नव्हता. बदरूभाईंनी त्यांच्या बायकोला, कमरबीला, निरोप घेऊन पाठवलं: शाळेच्या गणवेशांचं काम पडलंय, काज-बटणं करायला या. नाही म्हणायचाही कंटाळा आला, म्हणून गेले.

त्या बुधवारच्या पिक्चरमध्ये एक विधवा आई होती. खाणीवर दगड फोडायची, पोराला शिकवायची. एक दिवस कामावरच कोसळली. एवढं सांगून बदरूभाईंनी मशीन थांबवली. "इंटरवल. बाकीचं उद्या."

"अहो, पण ती वाचली का?" महिनाभरात मी कुणाला काही विचारलं असेल तर तेवढंच.

"उद्या या भाभी, मंग सांगतो."

गेले. ती वाचली होती. पोरगा साहेब झाला आणि घरी येऊन तिच्या हातची भाकरी जेवला. पुढच्या बुधवारी दुसरी आई, पुन्हा इंटरवल, पुन्हा उद्या. असं करता करता वर्ष निघालं, मग पंधरा निघाली. मी कटिंग शिकले, नंदा नर्स झाली.

दोन हजार दोनला नंदानं टीव्ही आणला. एका रविवारी तोच पिक्चर लागला. तीच खाण, तेच दगड. आई कोसळली आणि चक्क मेली! पुढचा सगळा वेळ भिंतीवर, हार घातलेल्या फोटोत.

मी तणतणत दुकानात. "बदरूभाई, तुम्ही मला फसवलं. ती तर मेली!"

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "गलती माझीच होती, भाभी. सांगायच्या नादात इंटरवलपर्यंत आल्तो, मंग तुमच्या तोंडाकडं पाह्यलं. पुढं तर मरण होतं. काही सुचंना, म्हणून उद्यावर टाकलं. घरी कमरबीला विचारलं. ती म्हणली, जित्ती ठेवा तिला."

"आणि बाकीच्या पिक्चरमधल्या आया?"

"बहुतेक साऱ्या मेल्त्या," ते खाली मान घालून म्हणाले.

मला आधी हसू फुटलं, मग रडू. अठरा वर्षं मी त्या थापांवर उभी होते. अशा थापा मारणारी माणसं मला मिळाली, हे माझं नशीबच. त्या दोघांचे उपकार माझ्याच्यानं फिटायचे नाहीत, आणि मला ते फेडायचेही नाहीत.

आता दुकानात मशीनवर मी बसते. कमरबी गेली त्याच वर्षी बदरूभाईंची नजरही गेली. दिवसचे दिवस ते घराबाहेर पडेनात, जेवेनात. मग मीच निरोप धाडला: टीव्हीवर पिक्चर पाहिलाय, ऐकायला या. काठी टेकत आले, बाकावर बसले. मी सांगत गेले. हिरोच्या शर्टाला नावंही ठेवून घेतली. त्यात एक आंधळा म्हातारा होता, बायको गेलेली, हे मात्र माझ्या उशिरा ध्यानात आलं. तो तापानं फणफणला आणि मी अडकले.

"मंग? वाचला का म्हातारा?"

"इंटरवल," मी म्हणाले. "बाकीचं उद्या."

बदरूभाई कितीतरी दिवसांनी मोठ्यानं हसले.

"म्हंजे मेला," ते काठी चाचपत म्हणाले. "काही हरकत न्हाई, भाभी. येतो उद्या."